वाचलेली मजुरी

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहायला आल्यापासून माझ्या घरात पाणी साठवायचं एकही टिपाड नाही. हे मी माहेरच्या माणसांना मुद्दाम सांगते, जरा तोऱ्यातच सांगते. लातूरच्या घरात सात टिपाडं होती. चार निळी, दोन काळी आणि एक पिवळं, ज्यात कधीकाळी रंग होता आणि ज्याचं पाणी फक्त संडासाला चालायचं. न्हाणीत टिपाड, व्हरांड्यात टिपाड, जिन्याखाली टिपाड. पाहुणा आला की त्याची खुर्ची दोन टिपाडांच्या मधे सरकवायची. इथं गोदावरीचं धरण हाकेच्या अंतरावर. सकाळी नळ सोडला की पाणी येतं आणि येतच राहतं. सुरुवातीला तर मी प्रत्येक नळ दोनदा पिळून बंद करायचे. शेवटी हे वैतागून म्हणाले, "अगं, तुझ्या पिळण्यानं तिसरं वायसर गेलं!"

तरी चैत्र लागला, दुपारी रस्ता सुना पडायला लागला, की मला लातूरचा तो एक उन्हाळा आठवतोच. लोकांना उन्हाळा म्हणलं की आंबे आठवतात, वाळवणं आठवतात. मला टँकरचा हॉर्न आठवतो, आणि गजरामावशी. यंदा तर अण्णांचा फोनच आला, तिच्याबद्दल. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. पोळी करपली, विद्यार्थ्यांच्या वह्या दोन दिवस तशाच पडल्या.

आमचं गाव लातूरपासून एसटीनं पाऊण तासावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून तिथं एकटेच राहतात. जमीन बेताची, पण विहीर चांगली. सातबाऱ्यावर त्या विहिरीत आठ आणे हिस्सा अण्णांचा आणि आठ आणे चुलत्यांचा, असं लिहिलेलं. बाजारातून आणे कधीच गेले, विहिरीत मात्र अजून चालतात. लहानपणी मला वाटायचं, आपलं पाणी आठ आण्याला आहे. तिसरीत असताना घरी तलाठी आले होते. मी त्यांना उजव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला आणि डावा हात पुढं केला, आठ आणे द्या म्हणून! अण्णांनी हसू दाबत मला आत पिटाळलं. तलाठी मात्र मोठे दिलदार, जाताना खरंच आठ आण्याचं नाणं उंबऱ्यावर ठेवून गेले. म्हणजे घरचं पाणी विकायचा पहिला मान माझा. दुसराही माझाच, ते पुढं सांगते.

चुलते पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. त्यांच्या हिश्श्याचं पाणीही अण्णाच वापरायचे. त्या सोळा आणे पाण्यावर आमची वांगी, कोथिंबीर, मेथी, बांधाला चार शेवग्याची झाडं. आणि ते पाणी खऱ्या अर्थानं ज्या हातांतून जायचं ते हात गजरामावशीचे. मावशी म्हणजे रक्तानं कुणी नाही. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, गावात घरापुरती जागा आणि रान शून्य. ती आमच्या शेतात कामाला यायची. खुरपायला, वांगी तोडायला, जुड्या बांधायला बाकीच्या बायाही असायच्या, पण दारं धरावीत ती मावशीनंच. दारं धरणं म्हणजे पाण्याला वाट दाखवणं. एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसरीचं फोडायचं, आणि पाणी शेंड्यापर्यंत पोचलं की पुढची सरी. अण्णा हे फावड्यानं करायचे. मावशी नुसत्या पायानं. टाचेनं ढेकूळ सरकवलं की पाणी मुकाट वळायचं. मी कॉलेजात असताना सुट्टीत तिच्या मागं मागं फिरायचे. वैशाखात डोक्यावर ऊन आणि घोट्यापर्यंत विहिरीचं गार पाणी. ते सुख मला पुढं कुठल्याच गार हवेच्या ठिकाणी मिळालं नाही.

"पाण्याला घाई करू न्हाई बग," ती म्हणायची. "ते पितंय की अजून. रान पिऊ दे की पोटभर."

दुपारी चिंचेखाली सगळ्या बाया भाकरी सोडायच्या. एखादं वांगं तिथंच काटक्यांवर भाजायचं, त्यावर मीठ आणि कच्चं तेल. हसणं तर असं की लांबच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. अण्णा बांधावरून ओरडायचे, "ए बायांनो, रानात खुरपायला आलाव का तमाशाला?" त्यावर मावशी सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

मग ते साल आलं. पाऊस दोन वर्षं लागोपाठ हुलकावणी देऊन गेला होता. मी तेव्हा लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आधी आठवड्यानं, मग ते लांबतच गेलं, शेवटी लोकांनी मोजायचंच सोडून दिलं. टिपाडांना झाकणं आली, झाकणांना कुलपं आली. खोटं नाही सांगत, आमच्याच गल्लीत एका शिक्षकानं पाण्याच्या टाकीला सायकलची साखळी लावली होती. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला. पाहुणे येणार म्हणलं की तोंडचं पाणी पळायचं, आणि तेवढं एकच पाणी शहरात पळत होतं. शेजारच्या घरात बाळंतीण होती. तिची आई रोज संध्याकाळी आमच्या दाराशी तांब्या घेऊन यायची. काही मागायची नाही, नुसती उभी राहायची. मी तांब्या भरून द्यायचे आणि मनातल्या मनात माझा एक तांब्या कमी झाला म्हणून चरफडायचे. माणूस किती लहान होतो, बाई! मला आज त्याची लाज वाटते.

आणि तिकडं गावात अण्णा वांग्याला पाणी देत होते. ती वांगी लातूरला आणायची आणि भाव पडला म्हणून कधीकधी आडतीतच सोडून यायची. मी अर्थशास्त्राची बाई. माझ्या डोक्यात दिवा पेटायला कितीसा वेळ लागणार? वर्गात मी शिकवतच होते, की एखादी वस्तू जिथं तिची सर्वांत जास्त गरज आहे, जिथं तिला जास्त मोल आहे, तिथं ती गेली पाहिजे. त्यात सगळ्यांचंच भलं. फळ्यावर दोन रेषा काढल्या की एका बिंदूवर भेटतात, पोरं वहीत उतरवून घेतात, तास संपतो.

एका रविवारी मी गावी गेले आणि अण्णांना समजवायला बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाटलेलं पान घेतलं, त्याच्या मागं लिहायला सुरुवात केली. मावशी उंबऱ्याशी बसून खुरप्याला धार लावत होती. मी मोठ्यानं वाचत होते, अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून. "टँकरवाल्याला पाणी दिलं तर इतकं मिळतं. आणि वर बघा, बियाणं वाचतं, खत वाचतं, फवारणी वाचते, मजुरी वाचते..."

खुरप्याचा आवाज थांबला.

"मजुरी वाचती म्हंजी कुणाची गं?" मावशीनं विचारलं.

"अण्णांची," मी म्हणाले.

"अण्णा कवा गेले मजुरीला?"

आम्ही तिघंही हसलो. अण्णा तर ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले आणि पुढची ओळ वाचायला लागले. तीही हसत होती, हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले. ती तर अशी बाई, की कशालाही हसायची.

अण्णा लगेच तयार झाले नाहीत. "पाणी इकायचं?" ते दोनदा म्हणाले. आमच्याकडं दूध विकतात, भाजी विकतात, जमीनसुद्धा विकतात, पण पाणी विकलं म्हणताना माणूस इकडंतिकडं बघतो. मग मी शेजारच्या बाळंतिणीचं सांगितलं. तिच्या आईचा तांब्या सांगितला. अण्णांचा चेहरा बदलला. "असं म्हंतीस? लेकराच्या आंघोळीला पाणी न्हाई?" त्यांचे गुडघेही त्या वर्षी फार दुखत होते, बांधावर चढताना हात टेकायचे. चुलत्यांनी फोनवर होकार दिला. आठ आणे आणि आठ आणे, सगळे हिस्सेदार राजी. कुणाला विचारायचं राहिलं, असं आमच्या कुणाच्याच मनात आलं नाही.

टँकर खलीलभाईंचा. लातूरच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घर पिढ्यान् पिढ्यांचं. माणूस बोलायला गोड आणि पाण्याच्या बाबतीत एकदम काटेकोर. टाकी आतून स्वतः धुवायचे, पाइपचं तोंड जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. एकदा गल्लीत पाइप गुंडाळताना मला म्हणाले, "आमचे दादा, म्हंजी आजोबा, कातड्याच्या मशकीनं घरोघर पाणी टाकायचे, बाई. मी टँकरनं टाकतो. काम तेच हाय. मशक तेवढी मोठी झाली." त्यांच्या टँकरचा हॉर्न वाजला की गल्ली जागी व्हायची. भर दुपारी दारं उघडायची, बादल्या, घागरी, हंडे. मी सगळ्यांना मोठ्या दिमाखात सांगायचे, "आमच्या विहिरीचं पाणी आहे हं!" त्यावर समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "तरीच मचूळ आहे. डाळ शिजेना हो." इतका राग आला मला! माझ्या माहेरच्या पाण्याला नाव ठेवतात म्हणजे काय? त्या दिवशी मी मुद्दाम वरण केलं. डाळ खरंच शिजली नाही. तरी वाटीभर त्यांच्याकडं पाठवलं आणि वर सांगितलं, आम्हाला अशीच आवडते.

आणि बाळंतिणीच्या घरी मी दोन घागरी नेऊन दिल्या. पाटावर बसून तिच्या आईनं बाळाला पायांवर घेतलं, पाणी ओतलं, बाळ टाहो फोडून रडलं. आजी हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. आमच्या विहिरीचं पाणी त्या कोवळ्या अंगावरून ओघळलं, हे वाईट झालं असं मी आजही म्हणणार नाही. मला कुणी पुन्हा तिथं उभं केलं, तर मी त्या दोन घागरी पुन्हा देईन.

गजरामावशी माझ्या दारात आली तो दिवस मृगाच्या थोडा आधीचा. बाराचं ऊन. एसटी स्टँडपासून चालत आलेली, पदर डोक्यावरून चेहऱ्यावर ओढलेला. मला एवढा आनंद झाला! "अगं मावशी! काय करूलालीस इकडं?" असं गावच्या बोलीतच तोंडातून गेलं. गूळ-पाणी दिलं. तिनं गूळ तोंडात टाकला, तांब्या वर धरून पाणी घशात सोडलं आणि मधेच थांबली. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"हे आपल्या हिरीचं," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणाले. "ओळखलंस?"

"ओळखंना व्हय?" तिनं उरलेलं पाणी सगळं पिऊन टाकलं. मग हळूच म्हणाली, "धुण्याभांड्याचं काम असलं तर बग म्हणलं एखाद्या घरी. गावात कुणाच्यातच काही न्हाई. आजूबाजूच्या समद्या हिरींवर टँकर लागलेत. वांगी न्हाईत, मेथी न्हाई. खुरपायचं काय, धोंडे?"

मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कसं चाललंय मग?"

"चाललंय की. मजुरी वाचली बग. समदी वाचली," ती म्हणाली आणि हसली. या वेळी मी हसले नाही.

तिनं त्यात टोमणा ठेवला होता की नाही, मला अजून सांगता येत नाही. ती बाई टोमणे मारणारी नव्हती. मी चार घरी विचारलं. पण पाणीच नाही तर भांडी घासायला बाई कोण ठेवणार? होत्या त्या बायांनासुद्धा लोकांनी सुट्टी दिली होती. मावशी संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जाताना तिनं पिशवीतली रिकामी बाटली काढली आणि म्हणाली, "वाटंला भरून घेऊ का?" मी ती बाटली टिपाडातून भरून दिली. जिनं आयुष्यभर त्या पाण्याला वाट दाखवली, ती भाडं खर्चून आली आणि बाटलीभर घेऊन गेली. मी दाराशी उभी राहून बघत होते.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी सांगितलं, गजराबाई लेकीकडं गेली, धर्माबादला. तिथं मिरचीच्या बाजारात बायांना काम असतं.

मी अजून तोच धडा शिकवते. धड्यात चूक काही नाही. मोल जास्त तिकडं पाणी गेलं, विकणाऱ्याचं भलं झालं, घेणाऱ्याचं तर फारच झालं. पण आता "मजुरी" हा शब्द आला की माझा खडू थांबतो. एका बाजूनं पाहिलं तर तो खर्च आहे, आणि खर्च वाचला की आनंद व्हावा. दुसऱ्या बाजूला तोच शब्द कुणाचं तरी जेवण असतो. मी कॅलेंडरच्या पाठीवर एकच बाजू लिहिली होती. आणि ज्या माणसाचा विहिरीत एक आणाही नाही, त्याचं काय जातं ते लिहायला सातबाऱ्यावर रकानाच नसतो. परवा वर्गात मावशीची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण त्या बाईचं पाणी नव्हतंच ना?" मी म्हणाले, "नव्हतं. काम तिचं होतं." ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. परीक्षेत हे विचारत नाहीत, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, बाई, ते दुष्काळाचं साल होतं, नाइलाज होता. तेही खरं. पण पुढं पाऊस झाला, विहीर काठोकाठ भरली, आणि टँकर काही थांबला नाही. आता पाणी बांधकामाला जायला लागलं, हॉटेलांना जायला लागलं. त्यात आरामच होता ना! बटण दाबलं, टाकी भरली, महिन्याला हातात पैसे मिळाले. वांग्याची कीड नाही, आडतीचा भाव नाही. अण्णांना सवय झाली. मीही काही बोलले नाही. त्यांच्या औषधपाण्याची काळजी मिटली म्हणून बरंच वाटत होतं. मग ह्यांची बदली झाली, आम्ही नांदेडला आलो, मलाही इथं नोकरी मिळाली, आणि भरल्या नळाच्या घरात मी ते सगळं विसरायला लागले होते.

यंदा माघात अण्णा बांधावर पडले. पाय मुरगळला होता, उठता येईना. हाका मारल्या, पण ऐकणार कोण? पूर्वी हाक मारली असती तर आठ बाया खुरपी टाकून धावत आल्या असत्या. अख्ख्या शिवारात माणूस नव्हतं. दुपारच्या खेपेला खलीलभाई आले तेव्हा त्यांना अण्णा सरपटत जाऊन चिंचेच्या बुंध्याला टेकून बसलेले दिसले. त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं, आणि मला फोन करून सांगितलं, "बाई, मला पाणी कुठं बी मिळंल. पण अण्णांच्या रानात आता माणूस पाहिजे." धंदा करणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं हे सांगावं!

आणि मग गेल्या आठवड्यात अण्णांचा तो फोन. "टँकर बंद केला. वांगी लावावी म्हंतो. तू तिकडंच हाईस, जरा धर्माबादला जाऊन ये. गजराबाई येती का बग." थोडं थांबून म्हणाले, "मी फोन केला असता, पण काय बोलावं कळंना."

मलाही कळत नव्हतंच. रविवारी रेल्वेत बसले. मुदखेड गेलं, उमरी आलं, डब्यात चहा आला, शेजारच्या दोन बाया मराठीत सुरू केलेलं भांडण तेलुगूत संपवत होत्या, आणि मी खिडकीतून नांगरटीची काळी रानं बघत नुसती वाक्यं जुळवत होते. माफ कर म्हणावं, तर तिला ते फार पुस्तकी वाटलं असतं. चल म्हणावं, तर कोणत्या तोंडानं?

धर्माबादला पत्ता शोधायची गरज पडली नाही, ठसक्यानंच वाट दाखवली. पत्र्याच्या मोठ्या शेडमधे लाल मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती नाकातोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया, देठ खुडत. मला शिंका आवरेनात. एका फडक्यामागून आवाज आला, "अगं बया! मास्तरीन आली की!" आवाजावरून ओळखलं. डोळ्यांभोवती सुरकुत्या वाढल्या होत्या, ते डोळे हसत होते.

दुपारच्या सुट्टीत ती मला लेकीच्या घरी घेऊन गेली. लेक सुनीता, तिची सहा महिन्यांची छकुली झोळीत. आजीचा आवाज ऐकून छकुलीनं हात पसरले, पण मावशीनं तिला घेतलं नाही. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि नुसती तोंडानं चाळे करत बसली. "हात लावून जमत न्हाई," ती म्हणाली. "किती बी धुतले, तेल चोळलं, तरी आग जात न्हाई. एकदा गालाला लागले, तर लेकरू रातभर..." ती पुढं बोलली नाही. सुनीता चहा ठेवता ठेवता म्हणाली, "सहा महिने झाले, आई नातीला कोपरानं खेळवून राहिली." छकुली हात पसरून रडायला लागली तेव्हा मावशीनं खरंच दोन कोपरांच्या बेचक्यात तिला उचललं, तळवे लांब धरून.

मी म्हणाले, "मावशी, अण्णांनी टँकर बंद केला. वांगी लावणार आहेत. तू येतीस का?"

तिनं बाळाला लेकीकडं दिलं. मग म्हणाली, "आणि पुन्हा इकलं तर?"

काय सांगणार? पुन्हा दोन वर्षं पाऊस गेला, पुन्हा कुणी बाळंतिणीची आई तांब्या घेऊन दारात उभी राहिली, तर मीच पहिली सांगेन, द्या पाणी. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, "सांगता येत नाही, मावशी."

"मग इका की," ती शांतपणे म्हणाली. "तान्हेल्याला पाणी नगं म्हणायला मी काय राक्षीण हाय? हीर तुमची, इका. पर इकायच्या आदी मला इचारायचं. त्या दिशी मी तितंच बसले होते ना, उंबऱ्याला? तुमी लिहून घेतलं, हिशोब झाला, आणि मला कुणी इचारलं न्हाई, गजरा, तुझं काय? न्हाई म्हणले नसते गं मी. चार म्हैने आदी कळलं असतं, तर कुटं तरी काम बगितलं असतं. तेवडंच."

मी तिथंच अण्णांना फोन लावला आणि ती जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"तिच्याकडं दे," अण्णा म्हणाले.

तिचे हात मिरचीचे. मी फोन तिच्या कानाशी धरला. अण्णा समोर नव्हते तरी तिनं मनगटानंच पदर डोक्यावर सारखा केला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमीच मोठ्यानं बोलतात, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं.

"गजराबाई, चुकलं बग," ते म्हणाले. मग खाकरले. "आता तूच सांग. औंदा काय लावावं?"

तिनं फोनपासून मान काढून माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं ती त्या रानात राबली, पण काय पेरायचं हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. "मला इचारूलालेत?" ती हळूच म्हणाली.

"हाव. तुलाच."

तिनं आवाज घट्ट केला, आणि फोनकडं वळून म्हणाली, "आदी हिरीत पाणी किती हाय ते सांगा, अण्णा. मग सांगते."